जॉब कार्डवर न उतरलेली तक्रार

माझ्या मोटारीची पाच जॉब कार्डे या घडीला माझ्यासमोर टेबलावर आहेत. सगळी एकाच वर्कशॉपची आणि अकरा महिन्यांच्या आतली. पाचही वेळा माझे म्हणणे एकच होते: गाडी सावकाश चालवताना, म्हणजे वडोदऱ्यात मांडवीच्या गर्दीत किंवा दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीतून बाहेर पडताना, स्टिअरिंग एकाएकी दगडासारखे जड होते, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, आणि इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले की सारे पूर्ववत होते. पहिल्या कार्डावर 'ग्राहकाची तक्रार' या रकान्यात 'जनरल चेकअप' असे आहे. दुसऱ्यावर 'व्हील अलाइनमेंट'. तिसऱ्यावर 'स्टिअरिंग चेक' आणि त्याखाली एका शब्दात निष्कर्ष: 'ओके'. चौथ्यावर 'सॉफ्टवेअर अपडेट'. पाचव्यावर पुन्हा 'जनरल चेकअप', आणि मी न सांगितलेल्या धुलाईचे पैसे.

सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणून समोर येणारा मुलगा अत्यंत सभ्य होता. त्याने प्रत्येक वेळी चहा विचारला, प्रत्येक वेळी हातातल्या टॅबवर काहीतरी टिपले, आणि प्रत्येक वेळी मला धीर दिला: "काका, एमां कांई नथी, चालशे." पाचव्या खेपेला मात्र मी काचेच्या केबिनमध्ये न बसता मागे रॅम्पपाशी जाऊन उभा राहिलो. तिथे हात पुसत असलेला मेकॅनिक माझ्याकडे न पाहताच म्हणाला, "आ महिने आ त्रीजी गाडी छे."

या महिन्यातली ही तिसरी गाडी. म्हणजे दोष होता, तो एकट्या माझ्या गाडीत नव्हता, आणि तो ज्याच्या हाताखालून जात होता त्याला तो ठाऊक होता. ठाऊक नव्हता तो फक्त कागदाला. आपल्याकडे सदोष वाहने परत बोलावण्याचा, म्हणजे रिकॉलचा, कायदा आता झालेला आहे. परंतु तो कायदा ज्या तक्रारींच्या मोजणीवर बऱ्याच अंशी उभा आहे, त्या तक्रारी जिथे पहिल्यांदा तोंडातून निघतात तिथेच पुसल्या जातात. दोषाची नोंद ज्याच्या ताब्यात आहे, त्याचाच तो दोष लपण्यात लाभ आहे. ही गाठ सोडवल्याखेरीज दंडाची रक्कम वाढवून किंवा नवे पोर्टल काढून फारसे काही साधेल, असे मला वाटत नाही.

कायद्याने दिले ते थोडे नाही. २०१९ पूर्वी भारतात वाहन उत्पादकाला रिकॉलची सक्ती करणारी तरतूद मोटार वाहन कायद्यात नव्हती. २०१२ च्या जुलैमध्ये वाहन उत्पादकांच्या 'सियाम' या संघटनेने स्वेच्छेने पाळायची एक संहिता केली होती, आणि पुढची सात वर्षे आपण त्या स्वेच्छेवरच गाड्या चालवल्या. २०१९ च्या दुरुस्तीने १९८८ च्या मूळ कायद्यात कलम ११०-अ आले. एखाद्या प्रकारच्या वाहनातील दोषामुळे पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरील इतर कोणालाही अपाय होण्याचा संभव असेल, तर त्या प्रकारची वाहने परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार देऊ शकते. उत्पादकाने तेव्हा वाहनाची पूर्ण किंमत परत करायची, किंवा तसेच अथवा त्याहून चांगले वाहन द्यायचे, किंवा दुरुस्ती करून द्यायची. चौकशी अधिकारी नेमण्याची आणि साक्षीपुरावे मागवण्याची सोयही त्याच कलमात आहे. १ एप्रिल २०२१ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२७-क लागू झाला आणि सक्तीच्या रिकॉलसाठी १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची पायरी ठरली. उत्पादकाने स्वतःहून दोष कळवून रिकॉल सुरू केला, तर हा दंड नाही. ही शेवटची तरतूद मला मनापासून योग्य वाटते, कारण कबुली देणाऱ्याला शिक्षा ठेवली की कबुली मिळेनाशी होते.

आता हे आदेशाचे यंत्र फिरायला कशाने लागते, ते पाहू. दोषाची माहिती सरकारकडे तीन वाटांनी येऊ शकते: ठरावीक प्रमाणात मालकांनी केलेल्या तक्रारी, चाचणी संस्थेचा अहवाल, किंवा अन्य कोणताही स्रोत. सामान्य माणसाच्या हाती यातली पहिलीच वाट आहे, आणि तिच्यावर संख्येचा अडसर आहे. ज्या मोटारी वर्षाला दहा हजारांहून अधिक विकल्या जातात, त्यांच्या बाबतीत हजारावर मालकांनी एकाच दोषाची तक्रार नोंदवल्यावर ती अट पुरी होते. परिवहन मंत्रालयाच्या 'वाहन' संकेतस्थळावर या तक्रारींसाठी जागा आहे. मी तिथे तक्रार नोंदवली. मात्र ओळखीतल्या ज्या ज्या गाडीमालकांना मी त्या जागेबद्दल विचारले, त्यांतल्या एकालाही ती ठाऊक नव्हती, आणि या मंडळींत एक निवृत्त वकील व दोन इंजिनिअर होते. गाडी बिघडली की माणूस मंत्रालयाच्या संकेतस्थळावर जात नाही, वर्कशॉपमध्ये जातो. त्याच्या दृष्टीने त्याने तक्रार केलेली असते. काउंटरवर उभे राहून, मोठ्या आवाजात, कित्येकदा तीन-चार वेळा केलेली असते. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्याने काहीच केलेले नसते.

जॉब कार्डावर तक्रार नीट न उतरण्यामागे दर वेळी कारस्थानच असते, असे मी म्हणत नाही. ॲडव्हायझरच्या टॅबवर ठरलेल्या पर्यायांची यादी असते. 'वळताना कधीकधी जड होते' हा पर्याय त्या यादीत नसतो. त्याला दिवसाकाठी ठरावीक गाड्या उरकायच्या असतात. गाडी गेल्यावर कंपनीकडून ग्राहकाला फोन येणार, त्यात दहापैकी दहा गुण मिळाले नाहीत तर त्याच्या पगारातला हिस्सा जाणार, हेही त्याला माहीत असते. म्हणून तो जाताना हात जोडून "काका, दस आपजो" म्हणतो, आणि आपणही त्या पोराकडे बघून दहा देतो. अशा रीतीने ज्या फोनवर तक्रार सांगता आली असती, त्याच फोनवर आपण समाधानाचे प्रमाणपत्र देऊन मोकळे होतो. मी स्वतः चार वेळा दिले आहे.

दोष आधी कारखान्याला कळतो आणि मालकाला सर्वांत शेवटी, याचे उदाहरण शोधायला वडोदरेकरांना लांब जावे लागत नाही. इथून चाळीसेक किलोमीटरवरच्या हालोलला जनरल मोटर्सचा कारखाना होता. तिथे शेव्हरोले तवेरा बनत असे. आपल्याकडच्या लग्नांची वऱ्हाडे, पावागढच्या खेपा आणि अहमदाबादच्या शटल फेऱ्या कितीएक वर्षे याच गाडीने वाहिल्या. २०१३ च्या जुलैमध्ये कंपनीने २००५ ते २०१३ या काळातल्या सुमारे १ लाख १४ हजार तवेरा परत बोलावल्या. इंजिने धुराची मानके पाळत नव्हती, आणि तपासणीच्या वेळी निवडक, कमी धूर सोडणारी इंजिने बसवून ती पाळत असल्याचे दाखवले जात होते. कंपनीने स्वतःच सरकारला हे कळवले, काही जणांना काढून टाकले, आणि सरकारने नेमलेल्या समितीने या प्रकाराला कंपनीची फसवणूक ठरवले. कारखाना २०१७ मध्ये बंद झाला आणि आता तिथे एमजीच्या गाड्या निघतात.

यातली आठ वर्षे विचार करण्याजोगी आहेत. तवेराच्या एकाही मालकाला हा दोष जाणवणे शक्य नव्हते. गाडी व्यवस्थित चालत होती, ॲव्हरेज देत होती, चढावर दम धरत होती; जे बिघडले होते ते मागच्या नळीतून बाहेर जात होते. अशा दोषासाठी हजार मालकांच्या तक्रारींची वाट पाहत बसणारा कायदा अनंतकाळ बसून राहील. सुरक्षेच्या अनेक दोषांचेही असेच असते. एअरबॅग उघडणार नाही हे ती उघडायच्या क्षणापर्यंत कोणाला कळत नाही, आणि त्यानंतर तक्रार नोंदवायला तो मालक असतोच असे नाही.

अमेरिकेत याच जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचे प्रकरण २०१४ मध्ये उघडे पडले. चावीचा स्विच जरा धक्का लागताच सरकून चालत्या गाडीचे इंजिन बंद करी, आणि त्याबरोबर एअरबॅगही निकामी होई. सुमारे २६ लाख गाड्यांत हा स्विच होता, आणि कंपनीच्याच नुकसानभरपाई निधीने पुढे १२४ मृत्यूंचा त्याच्याशी संबंध मान्य केला. कंपनीतल्या इंजिनिअरांना हा दोष दहाएक वर्षे माहीत होता. इतकेच नव्हे, मधल्या काळात तो स्विच सुधारलाही गेला होता. फक्त सुधारलेल्या भागाचा क्रमांक बदलला नव्हता, त्यामुळे जुना आणि नवा यांत फरक आहे हे कागदावरून कोणालाच कळेना. स्पेअर पार्टच्या दुकानात ज्याने एकदा तरी पार्ट नंबर जुळवून पाहिला आहे, त्याला यातली मेख वेगळी समजावून सांगायला नको.

म्हणजे अमेरिकेतही लपवाछपवी होतेच. पण तिथे तिच्यावर एक इलाज केला गेला, आणि तो आपण उचलावा असा माझा आग्रह आहे. फायरस्टोन टायर आणि फोर्ड एक्स्प्लोरर यांच्या अपघातांनंतर २००० साली तिथे 'ट्रेड' नावाचा कायदा झाला. त्याअन्वये वाहन उत्पादकांनी दर तिमाहीला रस्ता सुरक्षा प्रशासनाकडे आपली आतली माहिती द्यायची असते: मृत्यू व दुखापतींचे दावे, मालमत्तेच्या नुकसानीचे दावे, ग्राहकांच्या तक्रारी, वॉरंटीत बदललेल्या भागांची संख्या, वर्कशॉपमधून आलेले तांत्रिक अहवाल. सरकारने मालकाच्या अर्जाची वाट पाहायची नाही. कंपनीच्या संगणकात जे आपोआप साठते, ते आपोआप सरकारकडे आले पाहिजे. इग्निशन स्विचचे प्रकरण या व्यवस्थेतूनही निसटले, हे खरे. पण ते निसटले याचा जाब विचारता आला, तो त्या प्रशासनाच्या दप्तरात आधीच कागद होते म्हणून.

आपल्याकडे ही माहिती गोळा करण्याची अडचण आता राहिलेली नाही. वॉरंटीत एखादा भाग बदलला की त्याचा दावा डीलरकडून कंपनीकडे जातो, कारण त्याखेरीज डीलरला त्याचे पैसे मिळत नाहीत. त्या दाव्यात चेसिस नंबर असतो, किलोमीटर असतात, भागाचा क्रमांक असतो, बिघाडाचा संकेतांक असतो. माझ्या मेकॅनिकने 'तिसरी' म्हणून मोजलेली गाडी कंपनीच्या दप्तरात कितवी होती, हे कंपनीला एका कळीसरशी पाहता आले असते. नियम १२७-क मध्ये एवढीच भर घालायला हवी की स्टिअरिंग, ब्रेक, इंधनवाहिनी, एअरबॅग, सीटबेल्ट आणि विजेवरच्या वाहनांची बॅटरी यांच्याशी संबंधित वॉरंटीच्या दाव्यांचा तिमाही तपशील उत्पादकाने मंत्रालयाला द्यावा, आणि मालकाने वर्कशॉपमध्ये सांगितलेली तक्रार त्याच्याच शब्दांत, मराठीत, गुजरातीत किंवा हिंदीत, जॉब कार्डावर लिहून घेणे डीलरला बंधनकारक असावे. कार्डावरची ती तक्रार हीच कलम ११०-अ खालची तक्रार मानली जावी. मग हजाराचा आकडा गाठायला हजार माणसांनी संकेतस्थळ शोधत बसायचे कारण उरणार नाही.

विजेवरच्या दुचाकींनी ही निकड वाढवली आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात स्कूटरना आगी लागल्या तेव्हा ओलाने १,४४१ आणि ओकिनावाने ३,२१५ गाड्या परत बोलावल्या. बॅटरीची मानकेही त्याच वर्षी कडक झाली. पुढे २०२४ मध्ये ओलाच्या सेवेबद्दल राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दहा हजारांवर तक्रारी साचल्यावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला नोटीस काढली. या तक्रारी मोजता आल्या, कारण त्या १९१५ या क्रमांकावर, म्हणजे कंपनीच्या ताब्याबाहेरच्या वहीत, नोंदल्या गेल्या होत्या.

रिकॉल जाहीर झाल्यावर तो मालकापर्यंत पोचणे, ही पुढची अडचण. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुती सुझुकीने सिआझ, अर्टिगा, विटारा ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल ६ यांच्या १,८१,७५४ पेट्रोल गाड्या मोटर जनरेटर युनिट तपासण्यासाठी परत बोलावल्या. जाहीर केलेल्या निवेदनात एक वाक्य असे होते की भाग बदलून होईपर्यंत मालकांनी साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नये आणि विजेच्या भागांवर थेट पाणी मारू नये. कंपनीने हे स्पष्टपणे सांगितले, ते चांगलेच केले. पण हे वाक्य वडोदऱ्यात वाचून पाहा. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री पात्राबाहेर आली आणि मगरी सोसायट्यांच्या आवारात फिरू लागल्या, तेव्हा पाण्यातून गाडी न्यायची की नाही हे मालकाने ठरवायचे राहिलेच नव्हते. पाणीच पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसले होते. त्या आधीच्या तीन वर्षांत अशी एखादी गाडी दोनदा विकली गेली असेल, तर पत्र पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर गेले, आणि तिसऱ्या मालकाला आपल्या बॉनेटखाली काय आहे याचा पत्ताही नसायचा. पूर ओसरल्यावर वर्कशॉपला तर एक बारमाही उत्तरच मिळाले. त्या सप्टेंबरनंतर इथे कोणत्याही गाडीच्या कोणत्याही विद्युत दोषाला 'पाणी गयुं हशे' हे निदान तयार होते, आमची इमारत पुरात कोरडी राहिली असली तरी आणि गाडी त्या आठवड्यात मुळी पुण्यात असली तरी.

चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून आपल्या गाडीचा रिकॉल बाकी आहे का ते पाहता येते. ज्यांनी जुनी गाडी घेतली आहे त्यांनी हे जरूर करावे. परंतु हे काम मालकाच्या चौकसपणावर का सोडायचे? गाडी नावावर करताना फॉर्म २९ आणि ३० भरले जातात, विम्याची प्रत लागते, पीयूसी लागते, थकलेले चलान दिसले तर काम अडते. आरटीओच्या त्याच पडद्यावर 'रिकॉल बाकी' ही एक ओळ आली आणि ती मिटल्याशिवाय गाडी नावावर होणार नाही असे ठरले, तर जुन्या गाड्यांचे दलालच रांगा लावून ते काम करून घेतील. जपानने टकाता कंपनीच्या सदोष एअरबॅगच्या बाबतीत २०१८ पासून हेच केले: धोकादायक एअरबॅग बदललेली नसेल, तर गाडी नियमित तपासणीत पास होत नाही.

टकाताचे नाव निघालेच आहे, तर आपल्या नियमातली एक मोठी फट त्याच्याच आधारे दाखवता येते. नियम १२७-क सात वर्षांच्या आतील वाहनांपुरता आहे. टकाताच्या इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागात, अमोनियम नायट्रेट वापरले होते. उष्णता आणि दमटपणा यांचे चक्र वर्षानुवर्षे चालले की ते खराब होते आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडतात. म्हणजे दोष नव्या गाडीत जवळजवळ निद्रिस्त असतो आणि गाडीच्या वयाबरोबर जागा होतो. अमेरिकेने या गाड्या परत बोलावण्याचा क्रमच मुळी उष्ण-दमट प्रदेश आधी, असा लावला होता. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंश आणि जुलैत चिंब, अशा आपल्या हवेत आठव्या वर्षी कायद्याने हात झटकायचे, आणि त्याच गाडीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांची द्यायची, यात मला कोणतीही संगती दिसत नाही. जितकी वर्षे गाडी रस्त्यावर चालवण्याची परवानगी, तितकी वर्षे रिकॉलची जबाबदारी, हा साधा हिशेब व्हायला हवा.

आतापर्यंत बोललो ते हजारो गाड्यांत असलेल्या दोषाबद्दल. एकट्याच्या नशिबी आलेल्या सदोष गाडीचे काय? अमेरिकेत अशा गाडीला 'लेमन' म्हणतात. आपण नव्या गाडीच्या चारही चाकांखाली लिंबे ठेवून ती चिरडतो. त्यांच्याकडे गाडीच लिंबू निघते. १९८२ साली कनेटिकट राज्याने पहिला लेमन कायदा केला आणि पुढे सर्व राज्यांनी आपापले केले. त्याचा गाभा एका गृहीतात आहे: ठरावीक काळात एकाच दोषासाठी चार वेळा दुरुस्ती करूनही तो गेला नाही, किंवा गाडी एकंदर तीस दिवस वर्कशॉपमध्ये पडून राहिली, तर ती दुरुस्त होण्याजोगी नाही असे कायदा धरून चालतो, आणि मग किंमत परत द्यायची किंवा गाडी बदलायची. सिंगापूरने २०१२ मध्ये, फिलिपिन्सने २०१४ मध्ये आणि दक्षिण कोरियाने २०१९ मध्ये आपापल्या परीने अशी तरतूद केली.

आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही. आहे तो २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. तो कागदावर दुबळा नाही. मी राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, कंपनीचे कार्यालय कुठेही असो. गाडीची किंमत पाच ते दहा लाखांच्या दरम्यान असेल तर शुल्क २०० रुपये आहे. आयोग दोष दूर करण्याचा, माल बदलून देण्याचा किंवा पैसे परत करण्याचा आदेश देऊ शकतो. उत्पादनातील दोषाबद्दल उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण त्यात आहे. एकाच हिताच्या अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने मिळून तक्रार करता येते. निकाल तीन महिन्यांत, आणि चाचणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा, असेही त्यात म्हटले आहे.

गाडा रुततो तो पुराव्यात. २००६ मध्ये मारुती उद्योगच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की वॉरंटीचे बंधन सदोष भाग दुरुस्त करण्याचे किंवा बदलून देण्याचे असते. त्यासाठी आख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही. फियाटच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने पैसे परत करण्याची दिशा दाखवली, पण स्वतंत्र तंत्रज्ञाने मूळ उत्पादनातच दोष असल्याचे मत दिले तर. तेव्हापासून ग्राहकाला पहिला प्रश्न विचारला जातो तो तज्ज्ञाच्या अहवालाचा. हा तज्ज्ञ आणायचा कुठून? गावातला अनुभवी मिस्त्री आयोगापुढे तज्ज्ञ ठरत नाही, आणि ज्याच्याकडे त्या गाडीचा स्कॅनर, सॉफ्टवेअर आणि सर्किटचा नकाशा असतो तो कंपनीचा माणूस असतो. आयोग प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, पण तिची फी आधी तक्रारदाराला भरायला सांगू शकतो. वडोदऱ्यात १८९० साली सयाजीरावांनी कलाभवन काढले. त्याचा वारसा सांगणारी तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी शाखा आज विद्यापीठात उभी आहे. अशा संस्थांमधल्या यंत्र विभागांची यादी करून, त्यांना कंपनीच्या निदान-प्रणालीत शिरण्याचा कायदेशीर अधिकार देऊन, जिल्हा आयोगाने थेट त्यांच्याकडे गाड्या पाठवायला काय हरकत आहे? विद्यार्थ्यांनाही सदोष गाडी उघडून पाहण्याइतके चांगले प्रात्यक्षिक दुसरे कुठे मिळेल?

याहून सरळ मार्ग मात्र गृहीताचाच आहे, आणि आपल्या न्यायालयाने त्या दिशेला एक पाऊल टाकलेले आहे. ह्युंदाई क्रेटाच्या अपघातात समोरच्या एअरबॅग उघडल्या नाहीत. त्या उघडण्याइतका आघात झालाच नव्हता, हे कंपनीचे म्हणणे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. वेग आणि बल यांच्या सिद्धांतांवरून टकरीचा आघात मोजून दाखवण्याइतका पदार्थविज्ञानाचा जाणकार ग्राहक असावा अशी अपेक्षा करता येत नाही, असे म्हटले, आणि गाडी बदलून देण्याचा व भरपाईचा आदेश कायम ठेवला. हाच विचार कायद्याच्या भाषेत उतरवायचा तर असे म्हणावे लागेल: सुरक्षेशी संबंधित एकच दोष चार वेळा वर्कशॉपमध्ये दाखवूनही टिकून राहिला, तर तो उत्पादनाचा दोष आहे असे मानले जाईल, आणि तो नाही हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर राहील. नाहीतर काय होते? २००९ मध्ये घेतलेल्या एका बीएमडब्ल्यूचा वाद सर्वोच्च न्यायालयात ५० लाख रुपयांच्या भरपाईवर मिटला तो २०२४ मध्ये. पंधरा वर्षे लढायची ऐपत बीएमडब्ल्यू घेणाऱ्याची असू शकते. हप्त्यावर हॅचबॅक घेणाऱ्याची ती नसते, आणि हप्ता तर गाडी वर्कशॉपमध्ये उभी असतानाही कापला जातो.

उत्पादकांची बाजू अगदीच टाकाऊ नाही. आपल्याकडे माणसे वॉरंटीतली गाडी बाहेरच्या गॅरेजमध्ये नेतात, वायर कापून मोठे हॉर्न आणि दिवे लावून घेतात, आणि बिघडल्यावर कंपनीकडे बोट दाखवतात. चार खेपांचा नियम झाला तर काही जण मुद्दाम चार खेपा घालतील, हेही खरे. यावर उत्तर इतकेच की वायर कापलेली दाखवणे कंपनीला सोपे आहे. ती न कापल्याचे सिद्ध करणे मालकाला अशक्य आहे. पुराव्याचा भार ज्याला तो उचलता येतो त्याच्यावर टाकावा. शिवाय खोट्या खेपांची भीती असणाऱ्या कंपनीला जॉब कार्ड प्रामाणिकपणे लिहून घेण्यात सर्वांत जास्त रस असायला हवा.

माझ्या गाडीचे पुढे काय झाले, तेही सांगतो. सहाव्या खेपेला मी ॲडव्हायझरच्या हातात कार्ड न देता त्या रकान्यात स्वतः लिहिले, तारीख घातली, सही केली आणि त्याच्या देखत फोटो काढला. तो जरा गोंधळला, आत जाऊन मॅनेजरला घेऊन आला, आणि चार दिवसांनी मला फोन आला की गाडी तयार आहे. स्टिअरिंगची मोटर आख्खी बदलली होती. बिलावर रक्कम शून्य होती आणि त्यापुढे लिहिले होते 'गुडविल'. दोषाचा शब्द कुठेही नव्हता. मी जुनी मोटर मागितली, निदान पाहायला तरी. मॅनेजर म्हणाले, "काका, वॉरंटीमां बदलेलो पार्ट कंपनीने पाछो मोकलवो पडे. ए तो काले ज पॅक थई गयो."